खाड्याची वही

विद्यार्थी विशेषांकासाठी आलेल्या लेखांचा गठ्ठा वाचून झाला. भाषा वाईट नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर आमच्या काही स्तंभलेखकांपेक्षा बरे. तरीही निम्म्याहून अधिक लेख परत पाठवावे लागले आणि कारण बहुतेक ठिकाणी एकच होतं. लिहिणारा खुर्चीवरून उठलेलाच नाही. सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी, मध्ये कुठल्याशा सर्वेक्षणातला टक्का, एका प्राध्यापकांचं फोनवरून घेतलेलं मत, नाव न सांगण्याच्या अटीवर बोललेल्या मित्राचं दुसरं मत आणि शेवटी ‘जनजागृती ही काळाची गरज आहे’. चार नामं बदलली तर मोबाइलच्या व्यसनावरचा लेख कचऱ्याच्या प्रश्नावरही चालून जाईल.

विद्यार्थ्यांना बोल लावण्याआधी पत्रकारिता शिकवणाऱ्या मंडळींना एक विचारावंसं वाटतं. सत्र सुरू झालं की फळ्यावर विषयांची यादी कोण लिहितं? ‘स्पर्धा परीक्षांचं वास्तव, १२०० शब्द, पुढच्या शुक्रवारपर्यंत.’ आठ दिवसांत, बाकीचे तास आणि असाइनमेंट सांभाळून, वास्तव शोधायला सवड कुठे आहे? मुलगा निबंधच लिहिणार. शाळेत त्याने दहा वर्षं तेच केलं आणि त्याचे गुणही मिळवले.

विषय हातात दिला की निबंध येतो. एखादी जागा, एखादं कागदपत्र किंवा एखादा माणूस हातात दिला, तर निदान फीचर येण्याची शक्यता तरी असते. स्पर्धा परीक्षांचंच घेऊ. पुण्यात सदाशिव पेठ आणि नवी पेठेच्या आसपास अभ्यासिका आणि मेस यांच्यावर एक अख्खी वस्ती चालते. तिथल्या घरगुती मेसमध्ये एक वही असते. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले. गावी जाणार असलात, आजारी पडलात, तर आधी सांगायचं, म्हणजे खाडा लागतो आणि तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. नियम मेसगणिक वेगळे. कुणी एका वेळचा खाडा धरतच नाही, कुणी सलग काही दिवस गैरहजर राहिल्याशिवाय वहीला हात लावत नाही. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, एवढं मात्र बऱ्याच ठिकाणी सारखं.

ती वही (अर्थात मेसवाल्या काकूंच्या परवानगीने) महिना-महिना उलटून पाहायची. पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात खाडे वाढतात की कमी होतात? निकालानंतर किती नावांवर काट मारली जाते? पेरणीच्या दिवसांत कोण गावी जातो आणि कोण जात नाही? ‘दोन्ही वेळ’वरून ‘एक वेळ’वर कोण आला, कधी आला? एक डबा लावून दोघं कुठे जेवतात? हे प्रश्न घेऊन मेसच्या दारात आठवडाभर बसलेला विद्यार्थी ‘वास्तव’ हा शब्द न वापरता वास्तव लिहील. कारण वहीत जे आहे, ते कुणाचं मत नाही. ते घडलेलं आहे आणि तारखेसकट आहे.

यातलं खरं फीचर कुठे दडलेलं असतं, तेही पाहू. राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ एप्रिल २०२४ रोजी व्हायची होती. ती पुढे सरकत २५ ऑगस्टवर आली. नेमकी त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आली, कृषी सेवेची पदंही याच परीक्षेत घ्यावीत ही मागणी होतीच, आणि उमेदवार शास्त्री रस्त्यावर उतरले. आयोगाने परीक्षा पुन्हा पुढे ढकलली. अखेर ती १ डिसेंबरला झाली. आंदोलनाच्या रात्री तिथे कॅमेऱ्यांची दाटी होती आणि ते योग्यच होतं, ती बातमी होती. फीचर त्यानंतर सुरू होतं. परीक्षा पुढे ढकला, ही मागणी करणारे तेच आणि पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्याचं खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी भरणारेही तेच. घरून येणाऱ्या पैशांत ते कसं बसवलं? ‘अजून थोडे दिवस’ हे गावी फोनवर कुणी कुणाला, कसं सांगितलं? या विसंगतीत उतरलेला लेख त्या वेळी आम्हालाही हवा होता. विद्यार्थी तो लिहू शकले असते, कारण त्यातले कितीतरी जण त्याच मेसमध्ये जेवत होते.

वर्गात एक अमेरिकन उदाहरण हमखास सांगितलं जातं, पण त्यातला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो. नोव्हेंबर १९६३मध्ये अध्यक्ष केनेडींच्या अंत्यविधीसाठी जगभरचे वार्ताहर वॉशिंग्टनमध्ये जमले असताना ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’चा जिमी ब्रेस्लिन आर्लिंग्टनमध्ये कबर खणणाऱ्या क्लिफ्टन पोलार्डकडे गेला. ‘बघा, किती वेगळा अँगल!’ इथे आपण थांबतो. परिणामी विद्यार्थी पुढाऱ्याच्या सभेला जाऊन मंडपवाल्याची मुलाखत घेऊन येतो आणि लेख पुन्हा पडतो, कारण मंडपवाल्यालाही तो ‘आपल्याला काय वाटतं?’ एवढंच विचारतो. ब्रेस्लिनच्या लेखात पोलार्डला काय वाटलं हे आहे, पण लेखाचा भार त्यावर नाही. रविवारी सकाळी बोलावणं आलं तेव्हा तो काय खात होता, माती कुठल्या यंत्राने काढली, मजुरी तासाला किती, हे तिथे आहे. मजुरी होती ३ डॉलर १ सेंट. तो एक सेंट कुणी मनाने लिहीत नाही, तो विचारावाच लागतो. आणि प्रत्यक्ष अंत्यविधी चालू असताना पोलार्ड तिथे नव्हताच. त्याच दफनभूमीच्या दुसऱ्या भागात तो इतरांसाठी कबरी खणत होता. घरी बसून सुचेल अशी ही गोष्ट नाही.

‘मुलाखतच मिळाली नाही, सर’ ही सबब आपण फार लवकर मान्य करतो. गे तलीझला फ्रँक सिनात्राने मुलाखत नाकारली होती. तलीझ त्याच्या आसपासच्या माणसांशी बोलत राहिला, लांबून पाहत राहिला, आणि एप्रिल १९६६च्या ‘एस्क्वायर’मध्ये आलेला तो लेख आजही शिकवला जातो. कुलगुरू भेटत नसतील, तर त्यांच्या केबिनबाहेर फाइल घेऊन ताटकळणाऱ्यांचा एक दिवस लिहायला कुणाची ना आहे?

आकड्यांचंही तसंच. पी. साईनाथ यांच्या १९९६च्या पुस्तकात (मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’) गोड्डा भागातला, आज झारखंडात असलेला, सायकलवरून कोळसा वाहणारा माणूस आहे. दारिद्र्यरेषेची टक्केवारी वाचून विसरायला होते. दोनशेहून अधिक किलो कोळसा लादलेली सायकल हाताने ढकलत मैलोन्मैल चालणारा माणूस विसरता येत नाही. एक आकडा अहवालातून उचललेला, दुसरा रस्त्यावर माणसासोबत चालून मिळवलेला. विद्यार्थ्यांच्या कॉपीत दुसऱ्या प्रकारचा एक तरी आकडा असावा, एवढी अट घातली तरी पुष्कळ होईल. सरकारी कागद लागला, तर माहिती अधिकार आहेच: १० रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला, तर दिवाळीच्या सुट्टीआधी हातात काहीतरी असतं. आणि उत्तर आलंच नाही, तर पहिलं अपील कसं करतात हेही शिकून होतं.

शैलीबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. अनिल अवचटांनी हमालांवर, निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर लिहिलं, तिथे एकही वाक्य नटलेलं नाही. मुलांना ते वाचायला जरूर द्यावं. फक्त त्यानंतर महिनाभर ‘मी तिथे गेलो. ऊन होतं. एक म्हातारी बसली होती’ छापाच्या सुरुवाती वाचण्याची तयारी ठेवावी. साधेपणाची नक्कल लगेच जमते. त्यामागचं तासन्‌तास ऐकत बसणं जमायला वेळ लागतो. यंत्राकडून लिहवून घेतलेले लेखही गठ्ठ्यात होते. त्यांतल्या माणसांना गाव नव्हतं, आणि असलंच तर त्या गावाला कुठलीच एसटी जात नव्हती.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं. बऱ्याच लेखांत कंसात ‘नाव बदलले आहे’ असं होतं. पीडितांची, अल्पवयीनांची ओळख जपायलाच हवी. तो कायदाच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पॉक्सोचं कलम २३, बालन्याय कायद्याचं कलम ७४ ही तीन कलमं प्रत्येक प्रायोगिक अंकाच्या डेस्कवर चिकटवलेली असावीत. आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. नाव बदलून गल्ली, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय छापला, तर काय लपवलं? पण गठ्ठ्यात असेही ‘नाव बदलले’ होते, की जिथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. अशा दोन लेखकांकडे खरं नाव मागितलं, फक्त संपादकांपुरतं. उत्तर आलं नाही.

‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये सप्टेंबर १९८०मध्ये जॅनेट कुक या तरुण बातमीदार स्त्रीने आठ वर्षांच्या हेरॉइनग्रस्त मुलाची कहाणी लिहिली. पुढच्या एप्रिलमध्ये तिला पुलित्झर जाहीर झालं आणि लगोलग परत करावं लागलं, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. गोपनीयतेचं वचन दिलंय, या सबबीखाली वरिष्ठांनी मुलाचं खरं नाव-गाव विचारायचं सोडून दिलं होतं. एवढ्या मोठ्या डेस्कवर हे झालं, तर एक शिक्षक आणि चाळीस कॉपी अशा वर्गात काय होत असेल? विद्यार्थी खोटारडे असतात असं मुळीच नाही. शुक्रवार तोंडावर आलेला असतो, माणूस भेटलेला नसतो आणि दोन मैत्रिणींचे अनुभव एकत्र करून ‘स्नेहा (नाव बदलले आहे)’ तयार होते. हे चालत नाही, असं त्यांना कुणी स्पष्ट सांगितलेलंच नसतं.

म्हणून विभागप्रमुखांपुढे एक प्रस्ताव. फीचरच्या पेपरला जे गुण आहेत, त्यातले निम्मे विद्यार्थ्याच्या नोंदींच्या वहीला द्यावेत. कुठे गेलो, किती वाजता, कोण भेटलं, काय विचारलं, कोण बोललं नाही, भिंतीवर काय लावलेलं होतं, सुटे पैसे कुणी दिले. लेखात न आलेल्या नोंदी लेखात आलेल्यांपेक्षा जास्त असल्या पाहिजेत. शिक्षकाने वहीतला एखादा नंबर फिरवून ‘आमचा विद्यार्थी आला होता का?’ एवढं विचारलं तरी पुरे. सत्रात चार फीचर करून घेण्यापेक्षा एकच करावं, पण सहा आठवड्यांचं. विद्यापीठाच्या अंतर्गत मूल्यमापनात हे बसत नाही, असं काही जण म्हणतील. प्रात्यक्षिकाच्या गुणांत ते बसवलेले विभाग आम्हाला ठाऊक आहेत.

आमच्यापुरता नियम आम्ही बदलतो आहोत. पुढच्या विद्यार्थी अंकापासून प्रत्येक लेखासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवायचे; अक्षर कसंही असलं तरी चालेल. नाव बदललं असेल, तर खरं नाव आणि संपर्क संपादकांच्या नावे वेगळ्या पाकिटात. ते संपादकच उघडतील आणि पडताळणी झाली की नष्ट करतील. परत गेलेल्या लेखांवर समासात शेरे लिहून दिले आहेत. मेसवर लिहिलेल्या तिघांना ते लेख पुन्हा लिहून पाठवायला सांगितलं आहे; त्यांना आठ आठवड्यांची मुदत दिली आहे आणि येण्याजाण्याचा खर्च मासिक देईल.