कालवडी वाढवून विकायच्या? आधी महिने मोजा

"सर, लहान कालवडी घ्यायच्या, वाढवायच्या, गाभण करून विकायच्या. दूध काढायची कटकट नाही. धंदा कसा आहे?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. धंदा चांगला आहे. पण ज्याच्या घरात दर महिन्याला पैसा लागतो, त्याने एकट्या याच्यावर बसू नये. पहिला पैसा हातात यायला दोन वर्षं लागतात हो!

हिशोब बघा. संकरित कालवड जन्मते साधारण २५ किलोची. २५० किलोच्या आसपास गेली की रेतनाला तयार. रोज ५०० ग्रॅम वाढली, तर १५ महिने. रोज २५० ग्रॅमच वाढली, तर ३० महिने! म्हणजे तीच कालवड १५ महिने जास्त पोसायची, आणि वय वाढलं म्हणून गिऱ्हाईक एक रुपया जास्त देणार नाही. स्वस्तात घेतली की महागात, याने फार फरक पडत नाही. धंदा बुडतो तो या महिन्यांत.

आता दरेकसा घ्या. सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं, जंगलाला लागून असलेलं गाव. धानाचा पट्टा, म्हणून तणस भरपूर. मग वाटतं, चारा तर घरचाच आहे! इथेच चूक होते. नुसत्या तणसाने पोट भरतं, वजन वाढत नाही. धानाचा कोंडा गोंदियाच्या राइस मिलमधून मिळेल, पण ढेप आणि थोडा हिरवा चारा लागतोच. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा आणि २१ दिवस हवाबंद ठेवा, तणस जास्त पचतं. प्रमाण वाढवलं तर विषबाधा होते. सहा महिन्यांखालच्या वासराला हे अजिबात देऊ नका.

आणि आठ दिवसांचं वासरू लांबच्या बाजारातून आणू नका, स्वस्त असलं तरी. त्याला जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजला होता का, हे कोण सांगणार? तो चुकला तर हगवणीत वासरू जातं. गावातल्याच ओळखीच्या गोठ्यातली कालवड घ्या, जिच्या आईचं दूध तुम्ही स्वतः बघितलंय. कानात १२ आकड्यांचा बिल्ला हवाच. चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस एकदाच द्यायची असते, ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

गोऱ्ह्यांच्या भानगडीत पडू नका. शेतीत ट्रॅक्टर आलेत, आणि २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. गिऱ्हाईक मिळणं कठीण. तुमची कालवड भरवताना मात्र डॉक्टरांना लिंगवर्गीकृत रेतमात्रेबद्दल विचारा. पोटात कालवड असण्याची शक्यता खूप वाढते, आणि घेणाऱ्यालाही तेच हवं असतं.

सुरुवात दोनच कालवडींनी करा. वजनकाटा नसला तरी चालेल, टेलरची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. आलं अंदाजे वजन किलोत. दर महिन्याच्या एक तारखेला वहीत लिहा. सलग तीन महिने रोजची वाढ ४०० ग्रॅमच्या वर दिसली, तर तिसरी कालवड आणा. नाही दिसली, तर आधी ढेप आणि जंताचं औषध बघा, बाजाराकडे फिरकूही नका.