स्वस्त निविदेतील वेठबिगारी

गुलामगिरी म्हटली की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे साखळदंड, चाबूक आणि लिलावाचा बाजार उभा राहतो. पहाटे बँकेची फरशी पुसणारी बाई किंवा गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर बारा तास उभा असलेला रखवालदार त्याला दिसत नाही. ही माणसे बँकेची नसतात, संस्थेचीही नसतात. ती असतात एखाद्या लहानशा सेवा पुरवठा कंपनीची. जिचे कार्यालय एका खोलीत मावते आणि जिची सारी मालमत्ता म्हणजे चाळीस माणसांचे श्रम. अशा कंपनीच्या चालकाला वेठबिगारीविषयी विचारले तर तो दुखावतो. आपला जीव केवढा, हा प्रश्न बड्यांना विचारावा, असे त्याचे ठरलेले उत्तर असते.

दुर्दैव असे की कायदेही त्याचीच री ओढतात. ब्रिटनने २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक असलेल्या कंपन्यांनी आपल्या कारभारात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी नसावी म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी काढावे, असे त्यात सांगितले. पण आपण काहीच केले नाही, असे निवेदन काढले तरी त्या कायद्याचे समाधान होते! आपल्याकडे ठेका कामगारांविषयीचा १९७० चा केंद्रीय कायदा वीस कामगारांपासून लागू होई. २०२० च्या संहितेने तो आकडा पन्नासवर नेला. म्हणजे जिथे संघटना पोहोचत नाही आणि निरीक्षक फिरकत नाही, नेमके तिथेच कायद्याने डोळे मिटून घेतले.

वस्तुतः वेठ म्हणजे काय, याचे उत्तर या देशात १९८२ सालीच मिळाले आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू असताना मजुरांच्या सव्वानऊ रुपये रोजातून जमादार एक रुपया दलाली कापून घेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही घटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठच होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि दारिद्र्य यांची सक्तीही सक्तीच असते. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला हात झटकता येणार नाहीत, हेही न्यायालयाने बजावले.

ही कसोटी आजच्या निविदांना लावून पाहावी. किमान वेतन, त्यावर भविष्यनिर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, राज्य कामगार विम्याचे सव्वातीन टक्के, साप्ताहिक सुटी, जादा कामाचा दुप्पट दर: ही बेरीज शाळकरी मुलालाही करता येईल. तरीही या बेरजेहून कमी दराची निविदा दाखल होते आणि मंजूरही होते. मग मधली तूट कोण भरतो? ठेकेदार आपल्या खिशातून भरत नाही. ती कामगाराच्या अंगातून वसूल होते. आठ तासांची नोंद करून बारा तास राबवले जाते. गणवेशाचे पैसे पगारातून कापले जातात. पगार बँकेत जमा होतो, पण बँकेचे कार्ड मुकादमाच्या खिशात असते. मूळ कागदपत्रे ‘सुरक्षिततेसाठी’ कार्यालयात अडकवून ठेवली जातात. आणि गावाहून आणताना दिलेली उचल फिटेपर्यंत काम सोडण्याची सोय उरत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बांधून टाकणारे कर्जच रद्द ठरवले आहे; पण ते कर्जदाराला सांगणार कोण?

पुरवठादारांची गोष्ट याहून वेगळी नाही. उपाहारगृह चालवणारा छोटा ठेकेदार आपल्या चार पोऱ्यांना वेळेवर पगार देत असेलही. परंतु त्याच्या चहातली साखर ज्या उसाची, तो बीडच्या नवराबायकोने एक ‘कोयता’ म्हणून, मुकादमाच्या उचलीपोटी तोडलेला असू शकतो. एका दिवसाच्या खाड्याचाही तिथे दंड बसतो. बाजारभावाहून फार स्वस्त मिळणाऱ्या प्रत्येक मालामागे कोणाचे तरी न दिलेले वेतन असण्याचा संभव असतो.

छोटा ठेकेदार स्वतःही नाडलेला असतो, त्याची बिले महिनोन् महिने अडतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु नाडलेल्याने आपल्याहून दुबळ्याला नाडावे, हा कोणता न्याय? उलट लहान असण्यातच त्याची सोय आहे. चाळीस माणसांना तो नावानिशी ओळखतो. कार्ड आणि कागदपत्रे ज्याची त्याच्या हाती ठेवणे, उचलीच्या बदल्यात माणूस न अडवणे, वेतनाची पावती मराठीत वा कामगाराच्या भाषेत देणे आणि तोट्याची निविदा न भरणे, यासाठी मोठे भांडवल लागत नाही.

तथापि ठेकेदाराच्या सद्बुद्धीवर विसंबणे म्हणजे चळवळीने आपले काम सोडून देणे होय. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांचा. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि मध्यस्थाला फाटा, हा तो मार्ग. त्यातही सवलतींची भोके पाडून खासगी एजन्सींना वाट करून देण्यात आली. ती भोके बुजवणे आणि सफाई कामगारांसाठीही तसेच मंडळ मागणे, हा पुढचा लढा आहे.

त्या लढ्याची सुरुवात मात्र घरापासून व्हावी. पुरोगामी म्हणवणाऱ्या शिक्षणसंस्था, सहकारी बँका आणि विश्वस्त निधी यांच्या कार्यकारिणीत चळवळीचे कार्यकर्ते बसतात. झाडलोटीचा आणि रखवालीचा सर्वांत स्वस्त दर तिथेही एकमताने मंजूर होतो. त्यावर सही करणारा हातच १ मे रोजी मूठ वळून वर जातो. पुढच्या बैठकीत निविदा उघडली जाईल तेव्हा कार्यकर्त्याने एकच प्रश्न विचारावा: या दरात किमान वेतन बसते काय? बसत नसेल, तर त्या सहीने संस्था वेठ विकत घेत आहे आणि सही करणारा तिचा भागीदार आहे.