खाडा कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, तेथील माध्यमिक शाळेच्या स्नेहसंमेलनास पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. समारंभास अवकाश होता, म्हणून व्हरांड्यात उभे राहून भिंतीवर तैलरंगात रंगविलेला एक भला मोठा फलक वाचून काढला. मथळा होता, ‘विद्यार्थ्यांसाठी नियम व शाळेच्या अपेक्षा’. कलमे एकवीस. घंटेपूर्वी दहा मिनिटे हजर राहावे. गणवेश स्वच्छ व इस्त्री केलेला असावा. मुलींनी दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधाव्यात. तास चालू असता वर्गाबाहेर जाऊ नये. परवानगीवाचून गैरहजर राहणाऱ्याचे नाव पटावरून कमी केले जाईल. एकविसावे कलम असे, की वरील नियमांत बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा राहील. शाळेने काय करावे, शिक्षकांनी काय करावे, याविषयी त्या भिंतीवर एक अक्षर नव्हते. फलकापासून वीस पावलांवर मुलींच्या स्वच्छतागृहास कुलूप होते. पाणी नसल्याने ते बंद ठेवले आहे, असे शिपायाने निर्विकारपणे सांगितले.

नियम नकोत, असे माझे म्हणणे नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग नियमांवाचून चालत नाही, हे ज्याने एक तासही शिकविला आहे तो जाणतो. मी स्वतः तर कडक म्हणून प्रसिद्ध होतो. घंटा झाली की वर्गाचे दार आतून लावून घेत असे आणि त्याचा मला अभिमानही वाटे. आमचे महाविद्यालय यंत्रमागांच्या गावी होते. एक मुलगा आठवड्यातून तीनदा तरी त्या बंद दारापाशी येऊन परत जाई. तो रात्रपाळी करून थेट वर्गाकडे येत असे, हे मला वर्ष संपताना दुसऱ्याच कोणाकडून कळले. श्रमिकांच्या अर्थशास्त्रावर व्याख्यान चालू होते, आणि श्रमिक दाराबाहेर उभा होता! ही लाज मी अद्याप विसरलेलो नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक गोष्ट आरंभीच शिकवितात. सर्वांवर सारखाच बसविलेला कर सर्वांना सारखा जड नसतो. शाळेच्या नियमाचेही तसेच आहे. इस्त्रीच्या गणवेशाची किंमत वकिलाच्या मुलास शून्य आहे. ज्याच्या घरी एकच गणवेश आहे आणि तो रात्री धुऊन सकाळी ओलाच अंगावर चढवावा लागतो, त्यास ती रोज मोजावी लागते. घंटेपूर्वी दहा मिनिटांचा नियम घ्या. वाडीवस्तीवरच्या मुली एस.टी.ने येतात. अहिल्याबाई होळकर योजनेखाली त्यांना मोफत पास मिळतो. ही योजना चांगली आहे आणि तिचे श्रेय सरकारला द्यावयास माझी हरकत नाही. पण गाडी उशिरा आली की शिक्षा कोणास होते? गाडी सरकारची, बहुतेक शाळांचे अनुदान सरकारचे, आणि फाटकाबाहेर उन्हात उभी राहते ती तेरा वर्षांची पोर. सरकारच्या एका हाताने केलेल्या विलंबाचा दंड सरकारचा दुसरा हात तिच्याकडून वसूल करतो, आणि याला आपण वक्तशीरपणाचा संस्कार म्हणतो!

हजेरीचा नियम याहून गंभीर आहे. दहावीच्या परीक्षेस नियमित विद्यार्थी म्हणून बसावयाचे तर ७५ टक्के उपस्थिती हवी. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर १६५ दिवस हजर राहावे लागेल. म्हणजे सूट ५५ दिवसांची. आता बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाचे वर्ष पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको निघतात, ते पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलात परत येतात. या जोडप्याला कारखान्याच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. त्यात माणूस मोजलेला नाही, हत्यार मोजले आहे. मागे आजी-आजोबा सांभाळणारे असतील तर मुलगा गावी राहतो. नसतील तर बरोबर जातो, धाकट्या भावंडांस राखतो, मोळ्या वाहतो. त्याची पाच महिने बुडालेली हजेरी ५५ दिवसांत कशी बसवावयाची? आजारपणासारख्या कारणासाठी शाळेमार्फत सूट मागता येते. परंतु दारिद्र्य हा काही डॉक्टरच्या दाखल्यावर लिहून मिळणारा आजार नव्हे.

यातला एक शब्द वाचकांनी लक्षात घ्यावा. शाळेत गैरहजेरीस ‘खाडा’ म्हणतात. उसाच्या फडातही आजारपणामुळे वा बाळंतपणामुळे एक दिवस कोयता चालला नाही तर त्यास ‘खाडा’च म्हणतात, आणि मुकादम त्याचे पैसे कापतो. फडातला खाडा टाळावा म्हणून आईबाप मुलाला सोबत नेतात, तेव्हा शाळेतला खाडा त्याच्या नावावर पडतो. दोन्ही ठिकाणी भरपाई एकाच घराने करावयाची. कारखाना नफ्यात, मुकादम कमिशनात, आणि शाळा आपली नोंदवही चोख ठेवून मोकळी.

कोणी म्हणेल, अशा मुलांसाठी कायदा आहे ना? आहे, पण तो कोठे संपतो ते पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस त्याने बंदी केली, शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. विनाअनुदानित शाळा वगळता व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सभासद पालक असावेत, असेही सांगितले. (७५ टक्के हा आकडा पालकांच्या बाजूने वापरलेला मला तरी या एकाच ठिकाणी आढळला.) शिक्षकाने वेळेवर यावे, अभ्यासक्रम पूर्ण करावा, हीही त्यात कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत. मूल नववीत गेले की त्या कायद्याचे छत्र सरते. त्याच सुमारास दुसरा कायदा दार उघडतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालमजुरीची सरसकट बंदी चौदा वर्षांपर्यंतच आहे. पुढे अठरापर्यंत केवळ धोकादायक ठरविलेले उद्योग वर्ज्य. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अठराव्या वर्षापर्यंत सर्वांना शिक्षण देण्याच्या गोष्टी केल्या, परंतु हक्काची रेषा चौदावरून पुढे सरकली नाही. म्हणजे माध्यमिक शाळेचे नियम जेथे सर्वांत कडक होतात, नेमके तेथेच मुलाच्या बाजूने बोलणारा कायदा गप्प होतो. हा निव्वळ योगायोग मानावयास मी तयार नाही. चौदा वर्षांचे स्वस्त हात ज्यांना हवे आहेत, त्यांना ही रेषा सोयीची आहे.

आणि संस्थाचालकांना ती दुसऱ्या कारणाने सोयीची आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की फाटकावर फलक झळकतो, पुढील वर्षी प्रवेशासाठी रांग लागते. तेव्हा निकाल बिघडविणारे मूल नववीतच ओळखावयाचे, त्याचे खाडे मोजावयाचे, दोनदा पालकांस बोलावून अपमान करावयाचा आणि मग सल्ला द्यावयाचा, ‘सतरा नंबरचा फॉर्म भर.’ वास्तविक खासगीरीत्या परीक्षेस बसण्याची ही सोय शाळा सुटलेल्यांना परत येता यावे म्हणून आहे. शाळेत असलेल्यांना बाहेर घालविण्यासाठी ती वापरली जाते, आणि त्या कामी शिस्तीचा फलक चाळणीसारखा उपयोगी पडतो. बाहेर कोण पडते, हे काय सांगावयास हवे?

शिक्षकांवर राग काढून मला हात धुवावयाचे नाहीत. २००० सालापासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर राबविले जाते. विनाअनुदानित तुकडीवरच्यांची दशा तर त्याहून वाईट. ज्याला स्वतःला संस्थेत तोंड उघडण्याची सोय नाही, तो वर्गात मुलांना तोंड उघडू देईल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. फलकावरच्या त्या एकवीस कलमांचा जाच त्यालाही आहे. तो फक्त एक पायरी वर उभा आहे.

सक्ती आणि न्याय एकत्र नांदू शकत नाहीत असे नव्हे. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. नियम कडकच होता. पण त्याच कायद्याने शिक्षण मोफत केले होते. आधी संस्थानाने आपले कर्तव्य स्वीकारले, मग रयतेकडून तिचे मागितले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयही सांभाळीत होते. मुलांनी खोल्या स्वच्छ ठेवाव्यात यासाठी ते हाती झाडू घेत. त्यांच्या छात्रालयाला फलकाची गरज पडली असेल, असे मला वाटत नाही.

आजच्या शाळेकडून संतत्वाची मागणी मी करीत नाही, हिशेबाची करतो. वर्गाचे नियम जूनमध्ये मुलांसमवेत बसून करावेत, आणि मुलाच्या प्रत्येक कर्तव्यासमोर शाळेचे कर्तव्य लिहावे. वर्गाबाहेर जाऊ नये असे लिहावयाचे असेल तर मधल्या सुट्टीत स्वच्छतागृह उघडे व पाण्यासह मिळेल, हे त्याच ओळीत यावे. एस.टी.च्या उशिरास मुलगी जबाबदार धरली जाऊ नये. स्थलांतरित मुलाने फडाजवळच्या शाळेत भरलेले दिवस त्याच्या मूळ शाळेच्या हजेरीत धरावेत, आणि जेथे अशी शाळाच नाही तेथील गैरहजेरी मुलाच्या खात्यावर न टाकता शिक्षण खात्याच्या खात्यावर टाकावी. शिक्षण हक्क कायदा अठरा वर्षांपर्यंत न्यावा, ही मागणी जुनी आहे. ती पक्षाच्या जाहीरनाम्यात ठेवून भागणार नाही.

जूनमधल्या पहिल्या पालक सभेत संस्थेचे चिटणीस नियमांचा छापील कागद सहीसाठी पुढे करतील. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या सभेस पालक म्हणून जावे आणि सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : गेल्या वर्षी गणिताचे किती तास झाले नाहीत, स्वच्छतागृहास किती दिवस कुलूप होते, आणि हे खाडे कोणत्या वहीत लिहिले आहेत?