भिंतीचा रंग कोणासाठी?

सरकारी आरोग्यकेंद्राचा दर्शनी रंग कोणता असावा, यावर २०२३ साली केंद्र आणि काही राज्ये यांच्यात जुंपली. पिवळ्या-तपकिरी रंगाची अट पाळली नाही म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी अडविला जातो, अशी लेखी तक्रार पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांकडे केली. श्रेय कोणाचे हे दुरून ओळखू यावे, यासाठी हा सारा खटाटोप! खाटेवर पडलेल्या माणसाला काय दिसते, हा प्रश्न मात्र कोणाच्या गावीही नव्हता.

फिनलंडमधील पायमिओ येथे १९३३ साली उभ्या राहिलेल्या क्षयरुग्णालयात वास्तुशिल्पी आल्व्हार आल्टो यांनी खोल्यांची छते शांत हिरवट रंगविली आणि दिवे डोळ्यांवर येणार नाहीत अशा बेताने बसविले. महिनोन्‌महिने उताणे पडलेल्यास भिंतीपेक्षा छतच अधिक दिसते, एवढा साधा विचार त्यामागे होता. पुढे १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्र लागली.

कर्जत तालुक्यातील पोशीरच्या परिसरात ठाकर-कातकरी वाड्यांतून येणाऱ्या गरोदर स्त्रीचा रक्तक्षय परिचारिका प्रथम पाहते तो पापणीच्या आतल्या फिकेपणावरून. त्यासाठी दिवसाचा स्वच्छ उजेड हवा. दर्शनी पिवळा रंग बाळंतिणीच्या खोलीत शिरला, तर भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात नवजात बालकाची कावीळ ओळखणेही कठीण होईल.

आधी डॉक्टर आणि औषधे द्या, रंगाचे मागाहून पाहू, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु भिंत रंगवावी लागतेच, आणि खिडकी कोठे ठेवायची हे नकाशावर एकदाच ठरते. पैसा नाही, हे कारण तर पोशीरकरांना सांगूच नये. महानगराची तहान भागविण्यासाठी त्यांच्याच नदीवरील धरणाला २०२५ साली ६,३९४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आहे.

लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखणारे हात याच वाड्यांत आहेत. प्रसूतिकक्षाच्या भिंतीचे काम ठेकेदाराऐवजी त्यांना द्यावे, तेही पुऱ्या मजुरीने. आणि खिडकीची जागा ठरविण्यापूर्वी बांधकाम खात्याच्या अभियंत्याने तेथील परिचारिकेला विचारावे.