चाक निखळलं की बाहेर काढायचं राहिलं? पोटावर उतरणाऱ्या विमानांचं खरं दुखणं

चाकाविना धावपट्टीवर घसरत जाणाऱ्या विमानाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आला की खाली ठरलेली कमेंट येते, 'देव तारी त्याला कोण मारी.' देवाचं देवाजवळ. पण विमान असं पोटावर उतरण्याचे दोन प्रकार आहेत, आणि माणसं मरतात ती जास्त करून दुसऱ्यात.

पहिला आपल्याच राज्यात घडला. ६ मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. नागपूरहून पेशंट घेऊन निघालेल्या एअर अॅम्ब्युलन्सचं, बीचक्राफ्ट सी-९० जातीच्या छोट्या विमानाचं, एक चाक उडतानाच निखळून पडलं. ड्युटीवरच्या सीआयएसएफ जवानानं ते बघितलं अन् लगेच कळवलं. म्हणजे वैमानिकाला हवेतच समजलं. विमान मुंबईला नेलं. धावपट्टीवर फेस पसरला, अग्निशमनच्या गाड्या उभ्या केल्या, मग उरलेली चाकंही आतच ठेवून विमान पोटावर टेकवलं. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, दोघे वैमानिक, पाचही जण सुखरूप.

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला १३ मे २०२४ रोजी असंच झालं. वैमानिक अन् दोन प्रवासी. चाकं बाहेर येईनात, म्हणून तीन तासांवर घिरट्या घालून इंधन संपवलं. इंधन कमी म्हणजे वजन कमी, आगीची भीतीही कमी. तिघेही चालत बाहेर आले.

दुसरा प्रकार विसरण्याचा. विमान एकदम चांगलं असतं, फक्त चाकं काढायची राहतात. हसू नका, रोटाव्हेटर न उचलता ट्रॅक्टर डांबरी रोडवर घेणारे आपल्यातही आहेत (मी धरून). शिकाऊ लोकांच्या सेस्ना १७२ ची चाकं कायम खालीच असतात, तिथं विसरायला काही नाही. आत जाणाऱ्या चाकांसाठी तीन हिरवे दिवे असतात, इंजिनाचा जोर कमी केला अन् चाकं आत असली तर भोंगाही वाजतो. तरी राहतं. कारण त्याच वेळी रेडिओवर कुणी बोलतं, दुसरं विमान आडवं येतं, उतरण्याची घाई होते. भोंगा वाजतो, पण डोकं दुसरीकडं.

यातलं सगळ्यात वाईट उदाहरण मोठ्या विमानाचं आहे, पण चूक तीच. २२ मे २०२०, कराची. चाकं आधी काढली होती, ती पुन्हा आत घेतली गेली. इशारे वाजत असताना विमान इंजिनांवर घासलं, अन् वैमानिकांनी ते परत उचललं. घासलेली दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान वस्तीवर कोसळलं. आतल्या ९९ पैकी ९७ जण गेले. छोट्या विमानातही हाच धोका. पंखा जमिनीला लागला की इंजिनाचा भरवसा संपला, तिथंच थांबायचं असतं.

पाकिस्तानच्या प्राथमिक अहवालात एक गोष्ट आहे. विमान घासलेलं टॉवरवाल्यांनी बघितलं होतं. त्यांनी पुढच्या कक्षाला फोनही केला. त्या कक्षानं वैमानिकांना सांगितलं नाही.

नागपूरच्या जवानानं सांगितलं होतं.