सुवार्तेला तुच्छतेची भाषा शोभत नाही



सुवार्ताप्रसाराचा विषय निघाला की आपल्यात दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "दगडांना पुजणारी माणसं ती, त्यांना काय कळणार?" दुसरा म्हणतो, "हा विषयच नको. मिस्सा झाली की सरळ घरी जावं." पहिल्याला आपण जोश म्हणतो आणि दुसऱ्याला शहाणपण. मला दोन्ही आवाज सुवार्तेच्या विरुद्ध वाटतात.

पहिल्यापासून सुरुवात करू. अथेन्समधल्या मूर्ती पाहून संत पौल मनातून अस्वस्थ झाला होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे. पण लोकांसमोर उभा राहिल्यावर त्याने मूर्तींची टिंगल केली नाही. आधी त्यांच्या धार्मिकतेची दखल घेतली, त्यांच्याच कवींचे शब्द आधाराला घेतले आणि मग पुनरुत्थानाविषयी बोलला. काही हसले, काहींनी पुन्हा ऐकू म्हटले, थोड्यांनी विश्वास ठेवला. हसणाऱ्यांना त्याने शाप दिला नाही. संत पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगतो की आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहावे, पण सौम्यपणे आणि आदराने. उत्तर देणे आणि आदर राखणे, या दोन्ही आज्ञा एकाच वचनात आहेत. सोयीची तेवढी उचलायची मुभा आपल्याला नाही.

शिवाय आपल्या बेताल शब्दांची किंमत अनेकदा दुसराच मोजतो. सुरतेत बसून फुशारकी मारणे सोपे आहे. इथून जवळच्या डांगमध्ये १९९८ च्या नाताळात प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, अनेक जाळली आणि मोडली गेली. त्या हिंसेला कोणतीही सबब नाही. जानेवारी १९९९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी डांगला आले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय पातळीवर चर्चा व्हावी, असे म्हणाले. ज्यांचे जळाले त्यांनाच जाब विचारल्यासारखे झाले, म्हणून ख्रिस्ती मने दुखावली. ते दुःख रास्त होते. पण प्रश्न तिथेच संपला नाही. आजही शेजारी, सहकारी आपल्याला तोच प्रश्न विचारतात. त्याला उत्तर द्यायचे की शत्रू ठरवायचे, हे मात्र आपल्या हातात आहे.

इथे दुसऱ्या आवाजाची चूक दिसते. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा मात्र त्यातला हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. गुजरातमध्ये २००३ चा कायदा आहे. बळजबरी, आमिष, फसवणूक यांनी केलेले धर्मांतर तो गुन्हा मानतो. त्या कायद्यावर टीका जरूर करावी. पण "तुम्ही आमिष दाखवता का?" या प्रश्नावर चिडण्याचे कारण काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात सांगितले की श्रद्धा पसरवताना बळजबरीचा वा गैरमार्गाने मन वळवण्याचा वासही नको, विशेषतः गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत. म्हणून औषध, शाळेचा प्रवेश किंवा धान्य देताना बाप्तिस्म्याचा हिशेब मनात असेल, तर ते पाप आहे. हे आपण स्वतःहून, मोठ्याने सांगावे. गप्प बसलो तर लोक संशयच धरतील.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर नारायण वामन टिळकांना विसरू नये. रेल्वेच्या डब्यात एक परका प्रवासी त्यांच्याशी सौजन्याने बोलला, हाती नवा करार दिला आणि वाचण्याची विनंती केली. ना धमकी, ना आमिष, ना त्यांच्या धर्माची निंदा. टिळकांनी वाचले, झगडले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. त्या काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने आल्या. ज्याला घाई असते त्याने हे घर आठवावे.

उधना, लिंबायत, पांडेसरा भागात आपण आजाऱ्यांना भेटायला जातो, तेव्हा खानदेशातून आलेल्या कुटुंबाच्या देव्हाऱ्यासमोरच चटई घालून आपल्याला बसवतात, चहा देतात. त्या घरात जे बोलायला जीभ धजणार नाही, ते त्यांच्या पाठीमागेही बोलू नये. माणसांची मोजदाद दुकानातल्या मालासारखी करू नये. कोणी कठोर प्रश्न विचारला, तर आधी पूर्ण ऐकावा. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. आणि येशूविषयी विचारले, तर लाजू नये.

हे प्रभो, तू विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागितलेस आणि मग तिच्याशी बोललास. आम्हांलाही आधी मागायला, ऐकायला शिकव. आमच्या ओठांवरची तुच्छता काढून टाक आणि भीतीही. आमेन.