चर्चेविना कपात

1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांमुळे महाराष्ट्रात 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. याच तत्त्वावरील केंद्राच्या मनरेगाची तरतूद 2022-23 च्या सुधारित अंदाजातील 89,400 कोटींवरून पुढील अर्थसंकल्पात 60,000 कोटींवर आणली गेली. 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने मंत्रालयांच्या अनुदान-मागण्या चर्चेविनाच मंजूर केल्या. तेरखेड्याच्या मजुराची बाजू मांडण्याची संधी उस्मानाबादच्या खासदारालाही उरली नाही. पुढे सुधारित अंदाज 86,000 कोटींवर न्यावा लागला; म्हणजे कपातीचे गणित खोटे, मजुराची गरज खरी! मजुराचा घास कापला जात असताना मुके राहणारे सभागृह प्रातिनिधिक कसले? खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याने ग्रामसभेत याचा जाब दिलाच पाहिजे. आणि तो मागणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.